एका दिवसाच्या ट्रेकसाठी सामान बांधताना: प्रथमोपचार आणि अडचणीच्या वेळची तयारी

सकाळी निघून संध्याकाळी घरी परतायचे आहे, म्हणून पाण्याची एक बाटली, वेफर्सचा पुडा आणि मोबाइल एवढेच घेऊन निघालेली मंडळी लोहगडाच्या किंवा कळसूबाईच्या वाटेवर दर रविवारी भेटतात. त्यांतली बहुतेक सुखरूप परततात आणि त्यामुळेच ही सवय मोडत नाही. वास्तविक मुक्कामाच्या ट्रेकला जाणाऱ्याजवळ पांघरूण, जादा कपडे, शिधा आणि विजेरी हे सगळे आपोआपच असते. एका दिवसाच्या ट्रेकला निघालेल्याजवळ यातले काहीच नसते. पण पाय मुरगळला किंवा वाट चुकली, तर रात्र त्यालाही डोंगरातच काढावी लागते.

म्हणून सामान ठरवताना एकच हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा: काही विपरीत घडल्यापासून माणूस गाडीरस्त्यावर पोहोचेपर्यंतचा वेळ आपण कसा काढणार? हा वेळ दोन तासांचा असू शकतो आणि पहाटेपर्यंतचाही. त्या वेळात उपयोगी पडेल ते सोबत असावे. जे फक्त डॉक्टरच वापरू शकतात, किंवा जे वापरण्याची आपल्याला सवय नाही, ते पाठीवर वाहण्यात अर्थ नाही.

मी हा हिशेब राजमाचीहून कोंदिवड्याकडे उतरताना शिकलो. डिसेंबरचा महिना होता आणि दुपारचे साडेचार वाजले होते. सुट्या दगडावरून सोबत्याचा पाय वळला आणि तो खालीच बसला. माझ्या सॅकमध्ये क्रेप बँडेज होते, पण ते तळाशी, डबा आणि ओल्या टॉवेलच्या खाली होते. सगळे सामान वाटेवर ओतून ते काढल्यावर लक्षात आले, की ते दोन इंच रुंदीचे आहे. मनगटाला ते पुरले असते. घोट्याला त्याने कसलाच आधार मिळेना. विजेरीचे बटण सॅकमध्ये दाबले जाऊन ती दिवसभर जळत राहिली होती आणि आम्हांला गरज पडली तेव्हा विझली. तासा-दीड तासाचे उरलेले अंतर आम्ही मोबाइलच्या उजेडात रात्री नऊला संपवले. सामान सगळे होते, कामाला काहीच आले नाही. पुढे दिलेल्या सूचनांपैकी निम्म्या त्या संध्याकाळच्या आहेत.

पहिली पायरी: वाट आणि ऋतू पाहून यादी ठरवणे

सर्व ठिकाणी चालेल अशी यादी नसते. लोहगडावर पायऱ्या आहेत, माणसांची वर्दळ आहे आणि पायथ्याच्या गावापर्यंत गाडी जाते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर तुम्ही चार तास दगडधोंड्यांतून चढत असता आणि तिथे जखमी झालेल्याला खाली आणणे हे बचावपथकाचे काम होऊन बसते. नवख्याने अर्थातच दुसऱ्या प्रकारच्या वाटेला जाऊ नये. पण सोप्या गडावर जातानाही तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात: पायथ्याचे गाव कोणते, वाटेत पाणी कुठे आहे आणि परतायला शेवटची एसटी किंवा लोकल किती वाजता आहे.

ऋतूनुसार यादी बदलते. जून ते सप्टेंबरमध्ये निसरडे कातळ, भिजून भरणारी हुडहुडी, धुक्यात वाट चुकणे आणि जळवा हे त्रास असतात. नोव्हेंबर ते जानेवारीत दिवस लहान असतो. पुण्याच्या बाजूला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि घळीत किंवा दाट रानात त्याआधीच अंधारून येते. मार्च ते मेमध्ये ऊन, कोरडी टाकी आणि सुकलेल्या गवतावरचा घसारा यांच्याशी गाठ असते. पाय मुरगळणे आणि खरचटणे मात्र बारमाही आहे, म्हणून त्याची तयारी कधीच कमी करू नये.

दुसरी पायरी: सॅक आणि तिच्यातील पुडकी

वीस ते पंचवीस लिटरची, छातीवर आणि कमरेवर पट्टा असलेली सॅक पुरते. खांद्यावर एका पट्ट्याने लटकणारी पिशवी घेऊ नये, कारण कातळावर दोन्ही हात मोकळे हवे असतात आणि एका बाजूचा भार तोल घालवतो. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन. बाकीचे सगळे मिळून दोन-अडीच किलोंच्या आत बसवता येते. प्रथमोपचाराचे साहित्य एका पुडक्यात आणि अडचणीच्या वेळचे सामान दुसऱ्या पुडक्यात असावे. प्रथमोपचाराची पिशवी लाल किंवा केशरी असेल तर गवतात पडली तरी दिसते. पावसाळ्यात सॅकवरच्या आच्छादनावर विसंबू नये, कारण पाणी पाठीकडून आत शिरतेच. सॅकच्या आत मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात सगळे सामान ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

तिसरी पायरी: प्रथमोपचाराची पिशवी

दुकानात मिळणारी तयार पेटी घेण्यापेक्षा औषधाच्या दुकानातून एकेक वस्तू घेऊन स्वतः पिशवी भरावी, असे मी आग्रहाने सांगेन. तयार पेटीत चिकटपट्ट्यांचा भरणा असतो आणि ज्याची खरी गरज पडते ते क्रेप बँडेज एकच, तेही अरुंद असते. शिवाय जी वस्तू आपण हाताने आत ठेवलेली असते, ती कुठे आहे हे आठवते.

सर्वांत आधी सहा इंच रुंदीचे एक आणि चार इंच रुंदीचे एक अशी दोन क्रेप बँडेजे घ्यावीत. घोटा मुरगळल्यावर बूट काढून एकदा नीट पाहावे. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची उंचवटे असतात, त्यांच्या मागच्या कडेवर बोट दाबताच जीवघेणी कळ येत असेल, किंवा आधार न घेता चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले आहे असे समजूनच पुढे वागावे आणि त्या पायावर भार देऊ नये. तसे नसेल तर पायाच्या बोटांच्या मुळापासून बँडेज गुंडाळायला सुरुवात करावी, पावलावरून घोट्याच्या मागे आणि पुन्हा पावलाखाली असा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा द्यावा, आणि प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकावा. बोटे उघडी ठेवावीत. अंगठ्याचे नख दाबून सोडल्यावर पांढुरका रंग साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. नाही झाला तर बँडेज सोडून सैल बांधावे. मग बूट लगेच चढवावा, नाडी सैल ठेवावी. बूट काढून तासभर बसून राहिलात तर सूज इतकी वाढते, की तो पुन्हा पायात जात नाही, आणि अनवाणी उतरण्याची वेळ येते. हे सगळे घरी जेवणानंतर कोणाच्या तरी चांगल्या पायावर दोन-तीनदा करून पाहावे. पहिल्या वेळी बँडेज हमखास ढिले सुटते.

त्यानंतर निर्जंतुक गॉजचे आठ-दहा तुकडे, तेही प्रत्येकी बंद पाकिटात. कापूस घेऊ नये. त्याचे तंतू जखमेत चिकटतात आणि पुढे डॉक्टरांना ते एकेक करून काढावे लागतात. रक्त वाहत असेल तर गॉजची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावी आणि घड्याळ लावून दहा मिनिटे ती उचलून पाहू नये. थांबले का, हे दर मिनिटाला पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि दर वेळी जमू लागलेली गुठळी निघून येते. गॉज भिजला तर तो न काढता त्यावर दुसरा ठेवून आणखी जोर द्यावा. जखमेत हळद, कॉफी, तंबाखू किंवा माती भरण्याची सूचना कोणी ना कोणी करतेच; ती नम्रपणे नाकारावी. लहान जखम पिण्याच्या पाण्याच्या धारेने भरपूर धुवावी, कारण जंतू मारण्यापेक्षा माती निघणे महत्त्वाचे असते. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडलेले असले की त्यातून चांगली धार लागते. पोव्हिडोन आयोडिनच्या मलमाची लहान नळी सोबत असावी. धनुर्वाताच्या लसीची शेवटची मात्रा कधी घेतली होती हेही ट्रेकला जाण्याआधीच पाहावे; दहा वर्षे उलटली असतील तर ती घेऊन टाकावी.

एक त्रिकोणी पट्टी जरूर घ्यावी. सुती कापडाचा मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन तिरपा कापला की दोन पट्ट्या तयार होतात. हात मोडला किंवा खांदा निखळला तर तिची झोळी करून हात गळ्यात अडकवता येतो आणि पायाला आधार म्हणून काठी बांधायलाही ती चालते. मोडलेले हाड सरळ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ज्या स्थितीत हात किंवा पाय आहे त्याच स्थितीत बांधावा. फळी म्हणून ट्रेकिंगची काठी, कारवीच्या दोन काठ्या किंवा गुंडाळलेली सतरंजी यांतले जे हाताशी असेल ते वापरावे.

उरलेल्या वस्तू पटकन सांगतो: कापडी चिकटपट्टीचे एक रीळ, मध्यम आकाराच्या दहा चिकटपट्ट्या, बोथट टोकाची कात्री, काटा काढण्याचा चिमटा, चार-सहा सेफ्टी पिना आणि रबरी हातमोज्यांचे दोन जोड. चिकटपट्ट्यांचा गोंद उन्हाळ्यात विरघळतो आणि त्या ऐन वेळी चिकटत नाहीत, म्हणून त्या दरवर्षी बदलाव्यात. पायाला फोड येण्याआधी तिथे चुरचुर होते. त्याच वेळी थांबून तिथे कापडी चिकटपट्टी लावली तर फोड येतच नाही. पुढे जाऊन बघू म्हणणाऱ्याला परतीच्या वाटेवर प्रत्येक पावलाला ते आठवते.

चौथी पायरी: औषधे

औषधे जितकी कमी तितकी चांगली. ओआरएसची चार पाकिटे, पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, सेटिरिझिनच्या १० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या आणि आम्लपित्ताची एखादी गोळी एवढ्यावर एक दिवस निभावतो. प्रतिजैविके घेऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके डोंगरात टाळावीत, कारण पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि साप चावला असल्यास रक्तस्राव वाढवू शकतात. दुसऱ्याला गोळी देण्यापूर्वी त्याला कोणत्या औषधाचे वावडे आहे, हे तोंडाने विचारावे. मधुमेह, दमा, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्याने स्वतःचे औषध दोन दिवसांचे, आणि ते कुठे ठेवले आहे हे सोबतच्या एकाला दाखवून ठेवावे. दम्याचा पंप सॅकच्या तळाशी असणे म्हणजे तो नसणेच.

ओआरएसविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते सर्रास चुकीचे वापरले जाते. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतले तर मिठाचे प्रमाण दुप्पट होते आणि तहान भागण्याऐवजी वाढते. पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते वाचावे, कारण २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. हे चहाचे चमचे आहेत, पोहे खाण्याचे नव्हेत.

उन्हाने थकलेला माणूस घामाने थबथबलेला असतो, त्याचे डोके दुखते, मळमळते, पण तो नीट बोलतो. त्याला सावलीत बसवून थोडे थोडे ओआरएस पाजले की तासाभरात तो सावरतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना भेलकांडू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात आहे आणि इथे वाट पाहत बसणे जिवावर बेतते. कपडे सैल करून हाताशी असलेले सगळे पाणी मान, काखा आणि जांघांवर ओतावे, कापडाने सतत वारा घालावा आणि त्याच वेळी मदत बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

पाचवी पायरी: साप, विंचू आणि आग्या माशा

नवख्यांना सर्वांत जास्त भीती याची असते आणि पिशवीतल्या वस्तूंचा उपयोग इथेच सर्वांत कमी असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस चालते. ती ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत शिरेतून द्यावी लागते, आणि तिची रिअॅक्शन आली तर आवरायला डॉक्टर जवळ असावे लागतात. म्हणून ती सॅकमध्ये नेण्याचा प्रश्नच नाही. विष शोषून काढण्याचे पंप, ब्लेड आणि आवळपट्ट्या ऑनलाइन विकत मिळतात. त्यांवर एक रुपयाही खर्च करू नये. चिरा देऊन किंवा दोरीने आवळून बांधून पाय गमावलेल्यांच्या हकिगती कोकणातल्या कोणत्याही जुन्या डॉक्टरांकडे ऐकायला मिळतील.

साप चावल्यास करायचे ते असे. सापापासून दूर व्हावे. त्याला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये, उपचारासाठी तो लागत नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण, बूट लगेच काढावेत, कारण मागाहून सूज आली की ते निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय काठी लावून, सैलसर क्रेप बँडेजने हलणार नाही असा बांधावा. चावल्याची वेळ कागदावर लिहावी. आणि त्या माणसाला शक्यतो चालू न देता उचलून न्यावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि सुजतही नाही, म्हणून काही होत नाही असे पाहून घरी जाऊ नये. पापण्या जड होणे हे तिच्या विषाच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असते. जमिनीवर बसण्यापूर्वी काठीने गवत हलवणे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि लांब विजार यांनी हे सगळे टाळता येते, आणि ती खरी तयारी आहे.

लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी पुष्कळ माणसे दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि हे मृत्यू फार घटले. ते औषध स्वतःहून घ्यायचे नसते. दंशानंतर दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे दिसले की तडक रुग्णालय गाठावे. दगड उचलताना आणि बूट पुन्हा घालताना हात आपोआप आधी झटकण्याकडे गेला पाहिजे.

कडेकपारीतली आग्या मोहोळे हा माझ्या मते गडांवरचा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. धूर, अत्तराचा उग्र वास, दगड भिरकावणे आणि मोठा आवाज यांनी ती उठतात. माशा उठल्या तर हात न हलवता चेहरा आणि मान कापडाने झाकून पळावे. झोपून राहणे किंवा टाक्यात उडी मारणे दोन्ही वाईट. सुरक्षित जागी आल्यावर नांगी नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून जितकी लवकर निघेल तितकी काढावी आणि सेटिरिझिनची एक गोळी द्यावी. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा चक्कर आली, तर गोळीचा काही उपयोग नाही. तिथून पुढे प्रत्येक मिनिट रुग्णालयाकडे जाण्यातच जावे.

जळवांना घाबरण्याचे कारण नाही. मिठाची पुरचुंडी मोज्यांवर चोळली तर त्या चढत नाहीत. चिकटलीच तर नख तिच्या तोंडाखाली सरकवून बाजूला करावी. ओढून काढू नये आणि चटका देऊ नये. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, म्हणून लहानशी जखमही बराच वेळ वाहते. गॉज दाबून धरावा, एवढेच.

सहावी पायरी: उजेड, आवाज, ऊब आणि पाणी

दिवसाचा ट्रेक असो वा नसो, विजेरी घ्यावीच. डोक्याला बांधायची विजेरी घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि प्रत्येकाकडे स्वतःची असावी. दहा जणांत दोन विजेऱ्या असल्या की मधले सहा जण अंधारातच चालतात. बॅटरीचे सेल बाहेर काढून ठेवावेत, किंवा एक सेल उलटा घालावा, म्हणजे बटण दाबले गेले तरी दिवा लागत नाही. जादा सेल वेगळ्या पुडीत असावेत. मोबाइलचा दिवा हा उजेड नव्हे. त्यात जी बॅटरी जाते, तिच्यावर मदत मागायची असते.

शिट्टी सॅकच्या छातीच्या पट्ट्याला बांधलेली असावी. ओरडून घसा एका तासात बसतो. शिट्टी रात्रभर वाजवता येते आणि दरीतून लांब ऐकू जाते. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा वेळा, हा गिर्यारोहकांचा संकटाचा रूढ इशारा आहे. उत्तरादाखल मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या तरी आपली शिट्टी थांबवू नये, कारण शोधायला निघालेले लोक आवाजाच्या रोखानेच येतात. रात्री विजेरीने हाच इशारा देता येतो.

ऊब राखण्यासाठी चांदीसारख्या चकचकीत पातळ प्लास्टिकच्या कागदाची घडी घ्यावी. ती आपत्कालीन पांघरूण म्हणून मिळते, मुठीत मावते आणि वजनाला बहुधा शंभर ग्रॅमच्या आतच असते. त्याहून स्वस्त आणि माझ्या अनुभवात जास्त टिकाऊ वस्तू म्हणजे कचऱ्याची मोठी, जाड काळी पिशवी. तळाकडच्या बाजूला चेहऱ्यापुरते भोक पाडून ती डोक्यावरून घेतली, की वारा आणि पाऊस दोन्ही अडतात. ओल्या कपड्यांत वाऱ्यावर बसलेल्या माणसाला ऐन जुलैत, सह्याद्रीतही, दात वाजेपर्यंत थंडी भरते, म्हणून एक कोरडा टीशर्ट आणि मोजे हवाबंद पिशवीत बांधलेले असावेत. ते वाटेत कितीही भिजलात तरी काढू नयेत. लायटर सोबत असावा, पण फेब्रुवारीनंतर सुक्या गवतात आग पेटवू नये; ऊब मिळवताना डोंगर पेटवून दिल्याची उदाहरणे दर उन्हाळ्यात दिसतात.

पाणी माणशी तीन लिटर, आणि उन्हाळ्यात चार. गडावरच्या टाक्यांत पाणी मिळेल, यावर विसंबू नये. जे असते तेही गाळून, क्लोरिनची गोळी टाकून आणि अर्धा तास थांबूनच प्यावे. उरलेला अर्धा लिटर हा परतीच्या शेवटच्या तासासाठी आहे, असे निघतानाच ठरवावे. खाण्यात गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर किंवा लाडू असावेत. त्यांतला एक पुडा कागदात बांधून "गाडीत बसल्यावर" असे लिहून ठेवतो. वाटेत त्याला हात लागत नाही, आणि अडकलो तर तोच कामी येतो.

दहा मीटर बारीक नायलॉनची दोरी सामान बांधायला आणि झोळी करायला उपयोगी पडते, म्हणून न्यावी. तिच्या आधाराने कोणताही कातळटप्पा उतरायचा नाही. बारीक दोर हाती आहे म्हणून जिथे एरवी गेलो नसतो तिथे जाण्याचा धीर येतो, आणि तिथूनच बचावपथकाचे काम सुरू होते.

सातवी पायरी: कागद आणि फोन

एका लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीवर स्वतःचे नाव, वय, रक्तगट, आजार, चालू औषधे, वावडी आणि घरच्यांचे दोन क्रमांक लिहून ती सॅकच्या वरच्या खिशात ठेवावी. घरच्या एकाला कुठला गड, कोणत्या गावाकडून चढणार, कोणत्या गावाकडे उतरणार, सोबत कोण आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास काळजी करायची, हे लिहून पाठवावे. ऐन वेळी वाट बदलली, तर शेवटच्या रेंजमधून तसा निरोप द्यावा. हे न केल्याने शोध भलत्याच खोऱ्यात सुरू होतो.

फोन सकाळी पूर्ण चार्ज असावा, नकाशा आधी उतरवून ठेवलेला असावा आणि दिवसभर विमान-मोडवर असावा, कारण रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि वायर हवाबंद पिशवीत ठेवावी. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांनी उभारलेल्या रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक आणि पायथ्याच्या गावातल्या एखाद्या जेवणघराचा क्रमांकही साठवून ठेवावा. पुष्कळदा सर्वांत आधी पोहोचतात ती त्या गावातलीच माणसे. दरीत फोन लागत नसेल तर सोंडेवर किंवा खिंडीत जाऊन पाहावे, आणि बोलणे होत नसेल तर साधा एसएमएस पाठवावा. तो क्षीण रेंजमध्येही निघून जातो. त्यात अक्षांश-रेखांश, जखमेचे स्वरूप आणि किती जण आहात, एवढेच लिहावे. वाट चुकली असे वाटताच ओढ्याने खाली उतरत सुटू नये. सह्याद्रीतले ओढे बहुधा एखाद्या कड्यावरून खाली पडतात. जिथे आहात तिथे थांबावे आणि उजेडी जागा धरून शिट्टी सुरू करावी.

आठवी पायरी: बांधणी आणि चाचणी

सॅकच्या तळाला कोरडे कपडे आणि काळी पिशवी, मध्ये डबा आणि पाणी पाठीलगत, वर प्रथमोपचाराची पिशवी आणि झाकणाच्या खिशात विजेरी, चिठ्ठी, ओआरएस. शिट्टी आणि चालू औषध अंगावर. हा क्रम दर वेळी तोच ठेवावा.

बांधून झाले की आदल्या रात्री खोलीतला दिवा घालवावा आणि एकाच हाताने, बसल्या जागी विजेरी काढून तिचा सेल सुलटा करून ती पेटवून दाखवावी. मग त्याच उजेडात क्रेप बँडेज काढावे. एका मिनिटात दोन्ही जमले नाही, तर सॅक पुन्हा बांधावी. पहिल्यांदा मला साडेतीन मिनिटे लागली होती, आणि सेलचे झाकण पलंगाखाली गेले ते सकाळी सापडले.

ट्रेकहून परतल्यावर त्याच रात्री सॅक रिकामी करावी. बँडेज साबणाने धुऊन सावलीत वाळवावे, वापरलेल्या गॉज आणि ओआरएसच्या जागी नवे ठेवावे, गोळ्यांवरची मुदत पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर पाहावी, आणि विजेरीतला एक सेल पुन्हा उलटा करून ठेवावा.